घरची खूण

फटफट्या आपसांत बोलत, त्या काळची गोष्ट. नाझरे मिस्त्रींच्या गॅरेजात ‘गजराज’ कंपनीच्या जुन्या मोटारसायकली राहत. प्रत्येकीच्या इंजिनाखाली गळणाऱ्या ऑइलसाठी एक थाळी ठेवलेली असे.

एकदा बातमी आली, कंपनी विकली. पाठोपाठ नव्या मालकाने बनवलेली चकचकीत गजराज गॅरेजात आली.

“टाकीवर नाव आपलं, पण रक्त परकं!” जुन्या फणकारल्या. “हिला रांगेत जागा नाही.”

थोरली मात्र निवांत होती. घराण्याची खूण तिला पक्की ठाऊक होती. “दोन दिवस उभी तर राहू दे,” ती म्हणाली.

तिसऱ्या सकाळी मिस्त्री नवीपाशी वाकले, हसले आणि त्यांनी तिच्याखालीही थाळी सरकवली.

“सरका गं सगळ्या,” थोरली म्हणाली. “मालक कुणी का असेना, गळतेय आपल्यासारखीच!”