धूर आढळला नाही

विषय : न्हाणीघराची खिडकी उघडण्याबाबत पालीचा अर्ज.

वस्तूंना वाचा होती त्या काळात शेवड्यांच्या न्हाणीघरात गॅसचा गीझर आला आणि जुना बंब सेवानिवृत्त होऊन अंगणातच बसून राहिला. थंडी पडताच शेवडेकाकूंनी खिडकी लावून फटींत वर्तमानपत्र कोंबले.

तिसऱ्या दिवशी भिंतीवरच्या पालीला गरगरू लागले. तिने भीतभीत विचारले, "गीझरदादा, हे तुमच्यामुळे तर नाही?"

"माझी ज्योत बघ, कशी निळी आहे! धूर दिसतो का कुठे?"

बाहेरून बंब ओरडला, "अरे शहाण्या, माझा धूर दिसायचा, म्हणून मला घराबाहेर ठेवायचे. शेजारच्या गीझरला निदान बाहेर सोडलेला पाइप आहे. तुझ्यातून जे निघतं, ते जातं कुठे?"

पालीने खिडकीकडे अर्ज केला. खिडकीने तो अभिप्रायासाठी गीझरकडेच पाठवला. गीझरने शेरा मारला : धूर आढळला नाही.

चौथ्या दिवशी काकू आंघोळीला गेल्या आणि त्यांनी आतून कडी लावली. थोड्या वेळाने पाल भिंतीवरून खाली पडली आणि पुन्हा हलली नाही.

"अगं, झालं का? चहा निवला," काका दाराबाहेरून म्हणाले. आत फक्त पाणी वाहत होते. काकांनी पुन्हा हाक मारली. मग ते दार बडवू लागले.

अर्ज खिडकीकडे प्रलंबित आहे.