रिकाम्या हाताचा चेंडू

“...पण चेंडू हातातून सुटायच्या आधीच ती डोळे का मिटते, सर?”

 चामड्याच्या जुन्या हातमोज्याची शिवण उसवली होती. शांतवन सर ती दाभणानं शिवत बसले होते.

“वर्ष झालं शिकवतोय. रोज. तरी डोळे मिटते.”

“बस,” सर म्हणाले.

प्रल्हाद घुगे बसला नाही.

रविवारची सकाळ होती. सर नुकतेच उपासनेहून आले होते. अंगात अजून इस्त्रीचा पांढरा सदरा होता. त्यांची खोली मिशन शाळेच्या मैदानाला लागूनच. तेहतीस वर्षं त्यांनी या मैदानावर पोरांना बेसबॉल शिकवला. निवृत्तीनंतरही शाळेनं त्यांना खोली सोडायला सांगितलं नव्हतं.

प्रल्हाद त्यांचा सगळ्यात नावाजलेला विद्यार्थी. राज्याच्या संघातून सात वर्षं खेळला, त्याच जोरावर पाटबंधारे खात्यात लागला. गावात त्याला अजून ‘बेसबॉलवाले घुगे’ म्हणतात, आणि ते त्याला आवडतं.

त्याच्या शेजारी त्याची मुलगी उभी होती. मैथिली. वय सात. हेल्मेट मोठं होतं, सारखं कपाळावर घसरायचं. मग ती मान मागे टाकून त्याच्या कडेखालून बघायची.

“पंधरा दिवसांनी जिल्ह्याची निवड आहे. दहा वर्षांखालची,” प्रल्हाद म्हणाला. “तिच्यात आहे, सर. माझ्यापेक्षा जास्त आहे. गेल्या वर्षी तिनं पहिल्यांदा बॅट हातात घेतली आणि अशी फिरवली, की मी बघतच राहिलो. कुणी शिकवलं नव्हतं हो.”

“मग?”

“मग मी शिकवलं.”

सरांचं दाभण थांबलं.

“काय शिकवलंस?”

प्रल्हाद याचीच वाट बघत होता. भराभर सांगू लागला. गच्चीवर ऑइलपेंटनं दोन पावलं रंगवलीत, पाय कुठं ठेवायचे ते चुकू नये म्हणून. शाळेच्या आधी दोनशे वेळा बॅट फिरवायची. कोपर अंगापासून सुटतं, म्हणून आईच्या ओढणीची पट्टी करून ते कमरेशी बांधायचं. रोज मोबाइलवर शूटिंग काढायचं. जेवताना तेच तिला दाखवायचं. हे बघ, इथं खांदा पडला. हे बघ, इथं पाय हलला.

“जेवते का?” सरांनी विचारलं.

“कोण?”

“मैथिली.”

“...कमी जेवते आजकाल.”

“ती काय म्हणते?”

“ती काय म्हणणार सर? सात वर्षांची आहे.”

सरांनी हातमोजा बाजूला ठेवला. गुडघ्यावर हात टेकत उठले.

“दाखव.”

मैदानावर अजून कुणी आलं नव्हतं. पलीकडं पाण्याची टाकी, टाकीच्या सावलीत दोन कुत्री. मैथिली न सांगता जागेवर जाऊन उभी राहिली. पाय बरोबर. गुडघे बरोबर. कोपर अंगाशी, हनुवटी खांद्यावर. पुस्तकात छापावं अशी उभी होती.

“बघा,” प्रल्हाद म्हणाला. त्याच्या आवाजात अभिमान होता. “उभं राहण्यात एक चूक काढून दाखवा.”



प्रल्हाद दहा पावलांवर गेला आणि त्यानं मऊ चेंडू हळूच टाकला. लहान मुलाला टाकतात तसा, खालून.

मैथिलीनं डोळे मिटले. बॅट फिरली. चेंडू कधीच मागे गेला होता.

“कोपर!” प्रल्हाद म्हणाला.

दुसरा चेंडू.

“मागचा पाय, मैथू! कितीदा सांगितलं?”

तिसरा. चौथा. पाचवा.

ती रडली नाही. प्रत्येक चेंडू हुकला की डोळे उघडायची आणि वडिलांच्या तोंडाकडं बघायची. चेंडू कुठं गेला हे तिनं एकदाही वळून पाहिलं नाही.

सर तिच्याजवळ गेले. उकिडवे बसले. त्यांना ते जड गेलं.

“बाळा, आत्ता चेंडू कसा आला? वर आला की खाली?”

मैथिलीनं प्रल्हादकडं पाहिलं.

“मला सांग. मी विचारतोय.”

“पप्पांना माहीत आहे, आजोबा,” ती म्हणाली.

...

सर उठले. गवतातला चेंडू त्यांनी स्वतः उचलून आणला. प्रल्हादनं हात पुढे केला. सरांनी चेंडू आपल्या सदऱ्याच्या खिशात टाकला.

“आता टाक.”

“काय टाकू?”

“टाक म्हटलं ना.”

प्रल्हाद हसला. सर आता म्हातारे झाले, असं त्याच्या मनात आलं असेल. तरी वर्षानुवर्षांची सवय. सरांनी सांगितलं की करायचं. त्यानं रिकामा हात मागे नेला आणि रिकामाच पुढे आणला.

मैथिलीनं डोळे मिटले.

बॅट फिरली. मग तिनं डोळे उघडले आणि वडिलांच्या तोंडाकडं पाहिलं.

“चुकलं ना, पप्पा?”

प्रल्हादचा हात तसाच पुढे राहिला होता.

“चेंडू... चेंडूच नव्हता, बेटा.”

“मग काय चुकलं?”

...

कुत्र्यांपैकी एक उठलं, अंग झाडून पुन्हा बसलं.

“मला वाटलं, चेंडूला घाबरते,” प्रल्हाद हळू आवाजात म्हणाला. “म्हणून मऊ चेंडू आणला. म्हणून हेल्मेट आणलं.”

“तू टाकीमागं जा,” सर म्हणाले.

“सर...”

“जा. दिसू नकोस.”

प्रल्हाद गेला. टाकीच्या मागे, उन्हात. तिथून त्याला काहीच दिसत नव्हतं. त्याला नुसता सरांचा आवाज ऐकू येत होता. हा आवाज एवढा हळू असू शकतो हे त्याला माहीत नव्हतं.

“पप्पा गेले. आता आपण दोघंच. हेल्मेट काढू या? काढ. कशीही उभी राहा. वेडीवाकडी. हुकला तर हुकला, मी काही बोलणार नाही. बघ हं, टाकतो.”

मग शांतता. मग हवेत बॅट फिरल्याचा आवाज.

“अजून एक.”

पुन्हा तोच आवाज.

“अजून एक, बाळा.”

सहा वेळा. चेंडूला बॅट लागल्याचा आवाज एकदाही आला नाही.

सर टाकीमागं आले तेव्हा त्यांच्या सदऱ्यावर घामाचे डाग पडले होते. प्रल्हादनं त्यांच्याकडं पाहिलं. विचारायची हिंमत झाली नाही.

सरांनी मान हलवली.

“मिटते.”

“मी नसतानाही?”

“तू नसताना टाकीकडं बघते. मग मिटते.”

प्रल्हाद टाकीला टेकून खाली बसला. आता तो बसला.

“मी तिला कधी मारलं नाही, सर. शपथ घेऊन सांगतो. एक बोट लावलं नाही आजपर्यंत.”

“माहीत आहे.”

“तिच्या भल्यासाठीच...”

“तेही माहीत आहे.”

 एकदम प्रल्हादचा आवाज चढला.

“आणि तुम्ही काय कमी बोलायचात? मैदानाच्या त्या टोकाला पोरं तुमच्या आवाजानं थिजायची. मला एकदा भर दुपारी इथंच उभं केलं होतं, बॅट डोक्यावर धरून. आम्ही घडलोच ना?”

“कोण?”

“आम्ही. तुमची पोरं.”

“नावं सांग.”

“मी...”

“तू झालास. पुढं?”

“विष्णू गाडेकर.”

“दहावीत सोडलं. परत मैदानावर पाऊल ठेवलं नाही त्यानं.”

“रुबेन.”

“बाजारात दुकान आहे त्याचं. मी दिसलो की तो आत जातो. सामान त्याची बायको देते.”

“...सलीम.”

“परवा बसस्टँडवर दिसला. चाळिशीचा माणूस, केस पांढरे झालेत. मी नुसतं ‘सलीम’ म्हटलं, तर हातातली पिशवी खाली ठेवून ताठ उभा राहिला. मी म्हटलं, अरे, कसा आहेस? तर म्हणतो, चुकलं सर.”



“तुमच्या वर्षी एकोणीस पोरं होती,” सर पुढं म्हणाले. “खेळला तू एकटा. तू डोळे मिटत नव्हतास, प्रल्हाद. म्हणून मला वाटलं, मला शिकवता येतं.”

...

ऊन वाढलं होतं. टाकीच्या नळातून पाणी ठिबकत होतं. सरांनी ओंजळ धरली, तोंडावर पाणी मारलं आणि तसेच ओल्या चेहऱ्यानं उभे राहिले.

“उपाय सांगा,” प्रल्हाद म्हणाला. “तुम्हीच सांगा. मी तिला दुसऱ्या कुणाकडं नेणार?”

“मी सहा चेंडू टाकले. तेवढंच येतं मला.”

“असं नका म्हणू सर. कायतरी असेल.”

सरांनी ठिबकणारा नळ आवळला.

“सहा वर्षांची होती तेव्हा बॅट फिरवताना हसायची हो,” प्रल्हाद म्हणाला आणि त्याचा आवाज फुटला. “मी तिला म्हटलं, हसू नको, लक्ष दे.”

त्यानं तोंडावर हात घेतला. सरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवायला हात उचलला. तो खांद्यापर्यंत नेला नाही. मागे घेतला.

मैदानावरून काहीतरी ऐकू येत होतं. दोघंही टाकीच्या आडून पुढे आले.

मैथिली एकटीच होती. कुणी सांगितलं नव्हतं, तरी हेल्मेट पुन्हा घातलं होतं तिनं. समोर कुणी नव्हतं. ती पाय जुळवत होती, कोपर अंगाशी घेत होती, बॅट फिरवत होती. प्रत्येक वेळी आधी डोळे मिटून. ओठ हलत होते.

“कोपर... मागचा पाय, मैथू... कितीदा सांगितलं... परत.”

बॅट फिरली.

“परत.”

 प्रल्हादनं सरांचा सदरा धरला, लहानपणी धरायचा तसा.

“बस. झालं. मी आज घरी जाऊन बॅट देऊन टाकतो कुणाला तरी. गच्चीवरची ती पावलं घासून काढतो. निवड नको, काही नको. आजपासून खेळाबद्दल एक शब्द बोलणार नाही मी तिच्याशी. एक शब्द नाही, सर. मग तर होईल ना बरं?”

सर बराच वेळ मैदानाकडं बघत राहिले.

“तू गप्प बसशील,” ते म्हणाले. “तरी तिला ऐकू येतच राहील.”