पाखरीची पाठ

माणदेशातल्या टाकळमाळ गावी हरळी महाराजांनी बारा वर्षे मुक्काम केला. गावाबाहेर ओढ्याच्या काठी हरळीच्या गवताचा एक हिरवा तुकडा होता. ऊन असो, थंडी असो, महाराज तिथेच बसलेले असत, म्हणून लोकांनीच त्यांना हे नाव दिले. खरे नाव विचारले की महाराज हसत आणि म्हणत, "हाक मारलीस, मी ओ दिली. आणखी काय पाहिजे?" त्या दयाळू माउलीची एक कथा आज सांगतो. ती माणसांइतकीच एका घोडीचीही आहे, म्हणून कोणी नाक मुरडू नये.

गावचे इनामदार रंभाजीराव. माणूस मनाचा वाईट नव्हता, पण घराण्याचा अभिमान नको तितका. त्यांच्या पागेत पाखरी नावाची तांबूस घोडी होती, आणि तिची देखभाल करणारा मोतद्दार हैबती हा महाराजांचा भक्त होता. पाखरी जन्मली त्याच दिवशी तिची आई गेली. हैबतीने तिला शेळीचे दूध पाजून जगवले. त्या बिचाऱ्याला पोटचे लेकरू नव्हते; जे काही होते ते पाखरीच!

इनामदारांच्या घराची एक रीत होती. दसऱ्याला सीमोल्लंघनासाठी घोड्यावर आजोबांच्या वेळचेच खोगीर चढवायचे. दरवर्षी त्यात नवी लोकर भरत. जुनी मात्र काढत नसत, कारण ती आजोबांच्या हातची! चाळीस वर्षे ही भर पडत गेली आणि खोगिराच्या पोटात धोंड्यासारखे कडक गोळे झाले. त्या वर्षी रंभाजीराव महिनाभर आधीपासून ते खोगीर घालून पाखरीवर सराव करत होते. पाखरी अंग चोरू लागली, खोगीर दिसताच कान पाडू लागली. हैबतीने दोनदा सांगून पाहिले, पण ऐकतो कोण! शेवटी ऐन दसऱ्याला, वेशीपाशी, सगळ्या गावासमोर तिने इनामदारांना धुळीत पाडले. लोक तोंड दाबून हसले.

"हिच्या पाठीवर केसांचा भोवरा आहे," रंभाजीराव लालबुंद होऊन ओरडले. "खोगिराखालचा भोवरा धन्याला खातो म्हणतात, ते खोटं नाही. उद्या हिला गोळी घाला!"

हैबती धावतच ओढ्यावर गेला आणि महाराजांच्या पायांवर कोसळला. "म्हाराज, अंगारा द्या. माझ्या पाखरीला वाचवा!"

महाराजांनी धुनीतली ओंजळभर राख घेतली आणि ते स्वतः पागेकडे निघाले. घोडीच्या पाठीवर त्यांनी हळूच फुंकर घातली, तशी तिची कातडी थरथरली. खोगिराखाली दोन्ही बाजूंना तळहाताएवढ्या जखमा होत्या. महाराजांनी एका धुतलेल्या पंच्यावर ती राख सारखी पसरली, पंचा पाठीवर टाकला, वर खोगीर ठेवले आणि घोडीला दहा पावले चालवून पुन्हा काढले. पंच्यावर सगळीकडे राख तशीच होती, फक्त दोन जागी पार पुसून गेली होती. त्या जागा जखमांच्या बरोबर वर होत्या.

"भोवरा चावत नाही, रंभाजीराव," पागेच्या दारात येऊन उभ्या राहिलेल्या इनामदारांना महाराज म्हणाले. "खोगीर चावतंय."

इनामदारांना ते फार झोंबले. "बुवा, तुम्ही भजन करावं. आमच्या आजोबांच्या खोगिराला नावं ठेवू नयेत. बरं, तुमचा एवढा भरवसा आहे ना? चैत्रात भैरवनाथाची यात्रा आहे. पालखीपुढं ही घोडी मला निमूट घेऊन चालली तर जगेल. नाहीतर त्याच दिवशी तिचा निकाल!"

महाराजांनी ती अट मान्य केली.

दुसऱ्या दिवसापासून हैबती रोज पाखरीला ओढ्यावर आणू लागला. सगळ्यांना वाटले, महाराज आता मंत्र टाकतील. महाराजांनी मंत्र टाकला नाही. कडुनिंबाचा पाला उकळून त्या कोमट पाण्याने जखमा धुवायला लावल्या, वर तुपात कालवलेली हळद. पाठीवर काही म्हणजे काही ठेवायचे नाही. जखमा सुकल्यावर पाखरीला पोटापर्यंत पाण्यात हळूहळू चालवायची. पुढे जमिनीवर लाकडे मांडून ती ओलांडायला लावायची, म्हणजे ती मान खाली घालून पाठ उचलायला शिकेल. चंदीचा दाणासुद्धा जमिनीवरच ठेवायचा.

"म्हाराज, आन पुढं कवा जायचं?" हैबतीने विचारले.

"तिला विचार," महाराज म्हणाले. "पाठीवर हात ठेव. कातडी थरथरली तर आजचं काम तिथंच थांबलं. तिनं मान सोडून मोठा श्वास टाकला, तर उद्या एक पाऊल पुढं."

रंभाजीराव येता-जाता टोमणे मारत. "काय हैबती, घोडी आहे की बाळंतीण?" पागेतले नोकर खिदळत. हैबती खाली मान घालून खरारा करत राही, पण माणूसच तो! माघात एके दिवशी त्याला राहवले नाही. लोकांना दाखवायला म्हणून तो घोंगडी टाकून पाखरीवर बसला आणि माळावर दौड मारून आला. उतरून पाहतो तर डावी जखम उघडलेली! हैबती महाराजांपुढे लहान मुलासारखा रडला.

महाराज रागावले नाहीत. "लोकांना दाखवायला गेलास. चल, पाणी उकळ. पहिल्यापासून."

पुन्हा सगळे पहिल्यापासून झाले. फाल्गुनात हैबतीने मऊ लोकरीची गादी शिवली. कण्यावर भार येऊ नये म्हणून तिच्या मधोमध पोकळ पन्हळ ठेवली. आधी नुसती गादी, मग वाळूची हलकी पिशवी, मग स्वतः हैबती, तोही आधी आडवा पडून. एका सकाळी तो सावकाश पाठीवर बसला. पाखरीने मान लांब केली आणि फुर्र करून श्वास सोडला. त्या दिवशी हैबती दिवसभर हसत होता!

यात्रेचा दिवस उजाडला. हैबतीने पाखरीवर नवी गादी घातली आणि तो रंभाजीरावांची वाट पाहू लागला. इनामदार आले ते नोकराच्या डोक्यावर आजोबांचे खोगीर देऊनच.

"सरकार, पाया पडतो, ह्ये नगं!" हैबती कळवळला. "पाठीवरची नवी कातडी अजून कोवळी हाय. ती फाटंल. घोडी उधळली तर तुमी गोळी घालशीला."

"देवापुढं आमच्या घराण्याचंच खोगीर चढेल. घोडी बरी झाली असेल तर सोसेल."

हैबती ओढ्याकडे पळाला. महाराज हरळीवर डोळे मिटून बसले होते. त्यांनी डोळे न उघडताच सांगितले, "चढवू दे. तू तिचा लगाम धर आणि तिच्याशी बोलत राहा. बाकी माझ्याकडं."

खोगीर चढले. पोटाखालचा तंग आवळला. रंभाजीराव बसले, तसा हैबती लगाम घट्ट धरून तिच्या कानाशी घाबऱ्याघुबऱ्या बोलू लागला. पण पाखरी शांत! ढोल वाजले, भंडारा उधळला, "नाथसाहेबाचं चांगभलं!" घुमले, तरी घोडीचे कान मोकळे आणि चाल सरळ. पालखीपुढे सबंध गावाला फेरी घालून ती ओढ्यावर आली, तोवर तिच्या अंगावर घामाचा थेंब नव्हता. लोक तोंडात बोटे घालून बघत राहिले.

रंभाजीराव ऐटीत उतरले. त्यांनी स्वतःच्या हाताने तंग सोडला आणि खोगीर सगळ्यांना दिसेल असे उचलले. "पाहा रे! कुठे आहे जखम? म्हणे खोगीर चावतं! काय बुवा, आता तरी पटलं का?"

पाखरीची पाठ कोरडी, स्वच्छ, निर्मळ होती. एक केसही विस्कटला नव्हता.

महाराज उठू लागले, पण त्यांना उठवेना. हैबती आधार द्यायला धावला आणि किंचाळला, "म्हाराज!" महाराजांची पांढरी कफनी पाठीवर रक्ताने भिजली होती. त्याने ती वर उचलली. कण्याच्या दोन्ही बाजूंना तळहाताएवढ्या दोन ताज्या जखमा होत्या आणि छातीभोवती तंगाचा निळा वळ उठला होता. हाय हाय! त्या मुक्या जिवासाठी देवमाणसाने आपली पाठ पुढे केली होती!

ढोल थांबले. रंभाजीरावांच्या हातातले खोगीर खाली पडले.

"रागावू नका, रंभाजीराव," महाराज हळूच म्हणाले. "दसऱ्यापर्यंत तिनं वाहिलं, आज मी वाहिलं. तुम्ही बसलात खरे, पण तिला किती लागतं हे तुम्हाला ठाऊकच नव्हतं. आता कळलं?"

इनामदारांच्या डोळ्यांना धार लागली. "महाराज, मी पापी आहे. मला क्षमा करा!" असे म्हणत ते महाराजांच्या चरणांवर डोके ठेवायला वाकले. महाराजांनी त्यांचे खांदे धरून त्यांना थांबवले.

"माझं काही येणं नाही तुमच्याकडं. क्षमा मागायची तर तिची मागा."

भरल्या यात्रेत, सगळ्या गावादेखत, टाकळमाळच्या इनामदारांनी डोक्यावरचा फेटा उतरवला. ते धुळीत गुडघे टेकून बसले आणि त्यांनी पाखरीच्या खुरांवर आपले मस्तक ठेवले. हैबतीने घाबरून लगाम आखडला, पण महाराजांनी खुणेने त्याला सैल सोडायला सांगितले. पाखरीने मान खाली केली, त्या उघड्या डोक्याचा वास घेतला आणि तिथेच उभी राहिली. इनामदार किती तरी वेळ उठले नाहीत, आणि तेवढा वेळ घोडीनेही पाय हलवला नाही.