बुजलेलं मुख

दर्यावर फक्त शिडांच्या होड्या फिरत, त्या काळी सावळी नावाची एक डॉल्फिन खाडीच्या मुखाशी राहत असे. ओहोटी लागली की नदीचं गढूळ, गोडसर पाणी समुद्रात उतरे. त्याच्या मागोमाग बोय मासे येत, आणि सावळी त्यांना वाळूच्या दांड्याकडे रेटून पोटभर खाई. हे तिला तिच्या आईनं शिकवलं होतं.

एका वादळात वाळू साचून ते मुख बुजलं. बाकीच्या डॉल्फिनांचा कळप समुद्रात घुसलेल्या डोंगराच्या टोकापलीकडे निघून गेला. सावळी मात्र आपल्या पिल्लाला, टिकूला, घेऊन तिथेच थांबली. पाणी नितळ झालं होतं आणि त्यात एकही मासा नव्हता.

"आई, भूक लागली गं," टिकू म्हणाला. पोहताना तो मागे पडू लागला होता.

"येतील रे बोय. माझ्या आईच्या वेळेपासून येतात."

वरून सुरय पक्षी खिदळला. "अगं बाई, ते काय तुझ्या आईला भेटायला यायचे? गढूळ पाण्यामागे यायचे ते! नदीनं टोकापलीकडे वाट फोडलीय. जा की!"

सावळीला राग आला. पण टिकू दमून तिच्या कुशीला टेकला, तेव्हा ती निघाली.

टोक ओलांडताच चिखलाची, कांदळवनातल्या कुजक्या पानांची तीच चव जिभेवर आली. टिकूनं पहिला बोय गिळला.

"आजीची जागा हीच का गं?"

"नाही रे. ती मागे राहिली. पाणी तेवढं पुढे आलं."

डोकं वर काढून ती थोडा वेळ टोकाकडे पाहत राहिली. मग मासे वाळूकडे कसे रेटायचे, ते टिकूला दाखवायला वळली.