शेंड्यावरची जागा

"थोरल्यानेच का वर बसायचे?"

मुलांनो, हा प्रश्न एका रानातल्या धाकट्या सातभाईला रोज सकाळी पडे. सातभाई म्हणजे मातकट रंगाचे, सदा कलकल करणारे पक्षी. या थव्यात सातही जण सख्खे भाऊ होते. सहा जण जमिनीवरचा पालापाचोळा उलटून किडे वेचीत आणि थोरला बाभळीच्या शेंड्यावर बसून राही. धाकट्याला ते बघवत नसे. कोवळे ऊन वर, वारा वर, आणि सगळ्यांनी माना उंचावून बघायचे तेही थोरल्याकडेच. त्या विचाराने चोचीतला किडासुद्धा त्याला कडू लागे.

तो विचारी, पण कसे? "काय राजेसाहेब, सिंहासन मऊ आहे ना?" थोरला आभाळावरची नजर काढत नसे. बाकीचे भाऊ म्हणत, गप खा. धाकट्याने एकदाही नीट विचारले नाही, आणि थोरल्यानेही कधी आपणहून सांगितले नाही. आपल्याच भावाला काय समजावायचे, असे त्याला वाटे.

एके दिवशी धाकट्याला राहवले नाही. तो भर्रकन शेंड्यावर गेला आणि त्याने थोरल्याचे शेपूट ओढले. "ऊठ. आज मी बसणार."

"खाली जा. सगळ्यांचे खाऊन झाले की बोलू," थोरला हळूच म्हणाला.

धाकटा आणखीच ओरडू लागला. खालचे पाचही जण भांडण बघायला जमले. आभाळाकडे कोणाचेच लक्ष राहिले नाही. पाखरांची शिकार करणारा शिक्रा धाकट्याच्या मागून आला, तो एकट्या थोरल्याला दिसला. त्याने धाकट्याला धक्का देऊन खालच्या काटेरी जाळीत पाडले. धाकटा जाळीतून बाहेर आला तेव्हा शेंडा रिकामा होता.

दुसऱ्या दिवशी तिथे धाकटा जाऊन बसला. ऊन डोळ्यांत घुसत होते. वाऱ्याने फांदी हलत होती. पोटात काही नव्हते, कारण वर बसणाऱ्याने शेवटी खायचे असते. आणि तिथून जसे सारे आभाळ दिसत होते, तसा आभाळातून तोही दिसत होता. हे त्याला कोणी सांगितले नाही. सांगणारा उरला नव्हता.

तेवढ्यात खाली दोन भाऊ एका अळीवरून एकमेकांना टोमणे मारू लागले. धाकट्याच्या तोंडात शिवी आली होती. ती त्याने गिळली.

"दादा, आधी तू सांग," तो वरूनच म्हणाला. "मग तो सांगेल. तू बोलत असताना तो मधे बोलणार नाही. तोवर मी आभाळ बघतो."

दोघे बोलले. अळी अर्धी अर्धी झाली. सगळ्यांची पोटे भरल्यावर धाकटा खाली उतरला आणि थोरला जिथे उभा राहून खात असे, तिथे उभा राहून त्याने उरलेले वेचून खाल्ले.

तात्पर्य : मनात जे टोचते ते भाऊ समोर आहे तोवरच शांतपणे विचारावे, टोमण्याला उत्तर मिळत नसते.