राणी हेमलेखा बसली तेव्हा

एका राज्यात हेमलेखा नावाची राणी होती. राजा युद्धात पडला तेव्हा तिच्या पायाला जी भिंगरी लागली, ती सुटलीच नाही. पहाटे घोडदळ, दुपारी दरबार, सांजेला वेशीची पाहणी. तिची एकुलती एक लेक कुमुद दारात उभी राहून म्हणे, "आईसाहेब, बसा ना जरा." राणी म्हणे, "आलेच," आणि जाई ती जाईच.

एके दिवशी कर्दम नावाचा मांत्रिक भुकेला होऊन आला. राणीने त्याचे पान मांडायला लावले आणि वाढायला सांगायचे विसरून ती निघून गेली. सांजेपर्यंत तो रिकाम्या पानासमोर बसला. मग त्याने कमंडलूतले पाणी शिंपडले, आणि कुमुदचा पोपट झाला.

"राणी, तुला राज्य ठाऊक आहे, घर ठाऊक नाही," तो म्हणाला. "तीन दिवस हा पोपट तुझ्या छपराखाली मोकळा ठेव. जगला तर लेक परत मिळेल. पिंजऱ्यात घातलास तर तो जन्माचा पोपट. बाहेरून मी काही पाठवणार नाही. त्याचे तिन्ही मृत्यू तुझ्याच घरात नांदताहेत."

पोपट म्हणाला, "आईसाहेब, बसा ना जरा." पण राणी तटावर तिरंदाज उभे करायला धावली. शहाणपण सुचायचे ते उशिरानेच सुचते.

पहिल्या दिवशी पोपट न्हाणीघरातल्या काठोकाठ भरलेल्या घंगाळात पडला. राणीने त्याला बाहेर काढले, पदराने पुसले आणि घरातले एकूण एक भांडे झाकायला लावले.

दुसऱ्या दिवशी मागच्या अंगणात कल्हईवाला बसला. वर्षाची भांडी होती, दरसाल व्हायचे तेच झाले. नवसागराचा पांढरा धूर स्वयंपाकघरात शिरला आणि फळीवरचा पोपट चोच उघडून धापा टाकू लागला.

मुदपाकखान्याची म्हातारी चंद्राक्का म्हणाली, "राणीसाहेब, या धुराने माणूस खोकतो, पाखरू मरतं. आधी त्याला वर सज्जात न्या, मग मला काय रागवायचं ते रागवा."

राणीने त्याला वाऱ्यावर नेले. मग खाली येऊन विचारले, "आणखी काय काय आहे?" चंद्राक्काने उकळते तेल दाखवले, उघडी समई दाखवली, पाखरू आकाश समजून धडकते तो आरसा दाखवला. राणीने समई स्वतः विझवली, आरशावर स्वतः शालू टाकला. आपल्या घरात इतके काही आहे हे तिला माहीतच नव्हते.

तिसरा दिवस उजाडला. झाकायचे ते झाकले, विझवायचे ते विझवले, पण तिसरा मृत्यू सापडेना. राणीच्या जिवाची नुसती तगमग झाली. या दालनातून त्या दालनात ती फिरत राहिली. धुराने पोपटाच्या पंखांतले बळ गेले होते, म्हणून तो तिच्यामागून तुरुतुरु चालत होता. "आईसाहेब, बसा ना जरा."

राणी गर्रकन वळली. टाचेखाली काही मऊ लागले. पोपट किंचाळून सुटला आणि तिच्या जोड्याखाली तीन हिरवी पिसे राहिली.

तिरंदाज तटावर होते आणि मृत्यू तिच्या पायांत होता.

उंबऱ्यावर बसू नये म्हणतात. राणी तिथेच, उंबऱ्यावर, बसली. पोपट मांडीवर चढला आणि झोपला.

सेनापती आला. "राणीसाहेब, वेशीवर दूत आला आहे."

"त्याला बसवा. पान मांडा, आणि वाढा."

पाय शिवशिवत होते, ऊठ ऊठ म्हणत होते. लेकीच्या काळजीने ती रडली, पण हलली नाही. सूर्य मावळला आणि मांडीवरचे ओझे वाढत गेले. पाहते तो कुमुद. वेणी तेवढी तीन बोटे आखूड झाली होती.

"आईसाहेब, आता उठलात तरी चालेल."

"नको," राणी म्हणाली. "बसते जरा."

त्या सांजेला दूताच्या पंक्तीला आणखी एक जण जेवून गेला, कमंडलू घेऊन. त्याचे पान भरले, कुमुदला आई मिळाली, आणि त्या घरात कल्हईवाला आला की आजही आधी पाखरे सज्जात जातात.