दुतोंडी डिस्क

आबासाहेब खराड्यांच्या दूध संघात मुलाखतीशिवाय शिपाईही घेत नसत. मग सर्व्हरची डिस्क कशी सुटेल? संचालकांसमोर दोघी उमेदवार मांडल्या: स्वस्त घरगुती डिस्क आणि खास सर्व्हरसाठी बनवलेली महागडी 'सॅस' डिस्क. आधीची स्वस्तातली बंद पडली होती; तशीच पुन्हा बंद पडली, तर नोकरी संगणक सांभाळणाऱ्या मृण्मयीची जाणार होती. बाळंतपणाच्या रजेवरून नुकतीच परतलेली ती सॅसची बाजू मांडायला उभी राहिली.

"हिच्यात विशेष काय?" सॅसकडे बोट दाखवत आबासाहेब गुरगुरले.

"हिला दोन तोंडं आहेत, साहेब. एक बंद पडलं, तर दुसऱ्यातून माहिती देते."

"दुतोंडी? असली नको आम्हाला!"

मृण्मयीनं सॅस उचलून सगळ्यांना दाखवली. "साहेब, दुतोंडी माणूस दोन तोंडांनी दोन गोष्टी सांगतो. ही दोन्हींनी एकच सांगते. म्हणून तर तिला संचालक मंडळात नाही, सर्व्हरमध्ये बसवायचं."

प्रत्येक संचालकाला वाटलं, टोमणा शेजारच्यालाच आहे. टाळ्या कडाडल्या आणि सॅस एकमतानं निवडून आली.